पान जपले, पण उघडले का?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात हायस्कूलमधील एका सहशिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुख्याध्यापक साहेबांनी मला ‘विद्यार्थी आणि मोबाइल’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. या विषयावर बोलावयाचे म्हणजे वक्त्याने मुलांना खडे बोल सुनवावेत, पालकांनी माना डोलवाव्यात आणि घरी गेल्यावर पालकांनीच मोबाइल घेऊन बसावे, असा आता रिवाजच पडून गेला आहे. मी आज तसे काही करणार नाही. मोबाइल चांगला की वाईट, हा वाद मी मोठ्यांसाठी ठेवतो. मी एकाच लहानशा गोष्टीविषयी बोलणार आहे. इंटरनेटवरील एखादे उपयुक्त पान आपल्या मोबाइलमध्ये अगर संगणकात साठवून ठेवणे आणि नेट नसताना ते उघडून वाचणे, एवढाच माझा विषय.

विषय क्षुल्लक आहे, असे आपणांस वाटेल. मलाही एके काळी तसेच वाटत होते. परंतु याच क्षुल्लक बाबतीत माझी एकदा पुरती फजिती झाली, आणि तिची किंमत मी नव्हे, तर माझ्या विद्यार्थ्यांनी मोजली. म्हणून यावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

आमच्या घरी आजोबांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात त्यांनी वर्तमानपत्रांतील कात्रणे जपून ठेवली होती. शेतीची माहिती, औषधोपचार, कोर्टाचे निकाल, परदेशी जाण्याचे नियम, असे नाना विषय. प्रत्येक कात्रणाच्या कडेला शाईने दोन गोष्टी लिहिलेल्या असत, वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख. दिवे गेले तरी कंदिलाच्या उजेडात ती कात्रणे वाचता येत. आजोबांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, परंतु गावातील माणसे त्यांच्याकडे सल्ला विचारावयास येत, त्याचे रहस्य त्या पेटीत होते.

आज आपल्या मुलांच्या हाती जे साधन आहे, त्यात अशा हजारो पेट्या मावतील. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे माझ्या वयाच्या माणसाच्या डोळ्यांदेखत हे सारे घडले. जगातील ग्रंथालये खेड्यातल्या घरात आली. परंतु आजोबांच्या कात्रणात आणि आपल्या मोबाइलमधील पानात एक मोठा फरक आहे. कात्रण पेटीत ठेवले की ते आपले झाले. पान साठवले म्हणजे ते आपले झालेच, असे नाही. हा फरक मला कसा कळला, ते आता सांगतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि शाळा बंद झाल्या. त्या वेळी मी रायगड जिल्ह्यात, समुद्रकिनाऱ्यालगतच्या एका शाळेत नोकरीला होतो. आमच्याकडे शिकवणे मोबाइलवर आले खरे, परंतु वाड्या-वस्त्यांवर रेंज कुठे होती? मुले टेकडीवर जाऊन, काजूच्या झाडाखाली बसून, हात उंच करून रेंज शोधत. काही घरांत एकच मोबाइल, आणि तोही कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात. हे पाहून मी ठरवले की, मुलांनी नेट शोधत फिरण्यापेक्षा आपणच चांगली पाने निवडून, साठवून त्यांना पाठवावीत.

माझा विषय भूगोल. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील या दोन देशांचा तुलनात्मक अभ्यास आहे. ॲमेझॉनचे खोरे, ब्राझीलची उच्चभूमी, अजस्र कडा, पँटनलची दलदल हे सारे नकाशाशिवाय शिकवणे म्हणजे पाण्यावाचून पोहणे शिकवण्यासारखे आहे. मी रात्री जागून तीसेक पाने निवडली. संगणकावर साठवताना तीन-चार पर्याय दिसत होते, त्यांपैकी ज्याने सर्वांत लहान फाइल होईल तो पर्याय मी घेतला. मुलांच्या मोबाइलमध्ये जागा कमी असते, हा त्यातला सद्हेतू. प्रत्येक पान मी माझ्या संगणकावर उघडून पाहिले. मजकूर दिसत होता, नकाशेही दिसत होते. मग समाधानाने ती पाने मुलांना व्हॉट्सॲपवर पाठवून दिली आणि ‘आता नेट नसले तरी अभ्यास थांबणार नाही’ असा संदेशही वर लिहिला.

त्यानंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. ज्यांनी तो दिवस पाहिला, त्यांना मी वेगळे काय सांगावे! कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब रांगेने कोसळले. आमच्या भागात वीज कित्येक आठवडे नव्हती आणि मोबाइलचे टॉवर बंद पडले होते. माणसे घरांवर ताडपत्री घालण्यात गुंतलेली. अशा दिवसांत मला मनातून एकच दिलासा होता की, मुलांपाशी आपण पाठवलेली पाने आहेत.

आठ-दहा दिवसांनी रस्ता मोकळा झाल्यावर मी विद्यार्थ्यांच्या घरी चौकशीला निघालो. दहावीत गेलेली एक मुलगी होती, वर्गात पहिल्या तिनांत असणारी. घराचे अर्धे छप्पर गेलेले. तिच्या दादीने मला पडवीत बसवले. मुलीने शेजाऱ्यांच्या रिक्षाच्या बॅटरीवर मोबाइल थोडा थोडा चार्ज करून ठेवला होता, आणि तो का, तर सरांनी पाठवलेला अभ्यास वाचावयाचा म्हणून! मी मोठ्या उत्साहाने विचारले, “मग, ब्राझील झाला का वाचून?”

ती जरा चाचरली. मग म्हणाली, “सर, पान उघडतंय, पण नकाशाच नाही.”

मी मोबाइल हातात घेतला. खरोखरच, जेथे ॲमेझॉनचे खोरे असावयास पाहिजे होते, तेथे रिकामी चौकट आणि तिच्या कोपऱ्यात फाटक्या चित्राची खूण. दुसरे पान उघडले, तेच. तिसरे पान तर कोरे पांढरे. तीसेक पानांपैकी उपयोगाची निघाली जेमतेम सहा-सात. तिच्या हाती पाठ्यपुस्तकही अजून आले नव्हते. त्या मुलीने मोठ्या कष्टाने मिळवलेली वीज माझी रिकामी पाने उघडण्यात खर्च केली होती. ती मला काही बोलली नाही. आपल्याकडील मुले शिक्षकाला बोलत नाहीत. परंतु परत येताना मला माझीच शरम वाटत होती.

मित्रहो, असे का झाले? हे समजून घेतले तर पुढील सर्व गोष्टी सोप्या होतात.

आपण इंटरनेटवर जे पान पाहतो, ते एक पान दिसत असले तरी एकसंध वस्तू नसते. मूळ फाइलमध्ये बहुधा मजकूर असतो आणि त्याबरोबर एक यादी असते. अमुक चित्र अमुक ठिकाणाहून आणावे, अमुक अक्षरे अशा वळणाची दाखवावीत, अमुक नकाशा तमुक पत्त्यावर मिळेल, अशी ती यादी. आपला ब्राउझर, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स यांसारखा पाने दाखवणारा प्रोग्राम, ती यादी वाचतो, धावत जाऊन एकेक जिन्नस आणतो आणि सारे मांडून दाखवतो. हे काम इतक्या वेगाने होते की, आपणांस पान जणू तयारच आले असे वाटते.

मी जो सर्वांत लहान फाइलचा पर्याय निवडला होता, त्याचे नाव ‘वेबपेज, एचटीएमएल ओन्ली’. त्यात फक्त ती मूळ फाइल साठवली जाते. म्हणजे मी किराणा मालाची यादी घरी आणली आणि सामान आणले, असे समजून बसलो! मग माझ्या संगणकावर नकाशे कसे दिसले? कारण माझे नेट चालू होते. ब्राउझरने यादी वाचली आणि ज्यांचे पूर्ण पत्ते त्या यादीत होते, ती चित्रे त्याने पुन्हा नेटवरून आणून मांडली. मी समजत होतो की, मी साठवलेले पान पाहतो आहे. प्रत्यक्षात निम्मे पान साठवलेले आणि निम्मे उधारीवरचे होते. वादळाने उधारी बंद केली आणि माझे पितळ उघडे पडले.

आणि जी पाने अगदी कोरी निघाली त्यांचे कारण असे की, हल्लीच्या कित्येक पानांच्या मूळ फाइलमध्ये मजकूरसुद्धा नसतो. पान उघडल्यानंतर त्यातील एक छोटा प्रोग्राम नेटवरून मजकूर मागवतो. नेट नाही तर मजकूरही नाही.

आता उपाय सांगतो. विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावे, पालकांनीही ऐकावे.

संगणकावर पान साठवण्यासाठी कंट्रोल आणि एस ही बटणे एकत्र दाबावीत. जी चौकट येते, तिच्यात खालच्या बाजूला प्रकार निवडावयाचा असतो. क्रोममध्ये तेथे तीन प्रकार दिसतात. ‘वेबपेज, एचटीएमएल ओन्ली’ हा पहिला, त्याची कथा आपण ऐकलीच. दुसरा ‘वेबपेज, कम्प्लीट’. यात मूळ फाइल आणि त्याच नावाचे एक फोल्डर, अशी जोडी तयार होते. चित्रे त्या फोल्डरमध्ये असतात. ही जोडी एकत्र असेपर्यंत पान नीट दिसते. परंतु फक्त फाइल कुणाला पाठवली आणि फोल्डर मागे राहिले, तर पुन्हा तीच रिकामी चौकट.

तिसरा प्रकार ‘वेबपेज, सिंगल फाइल’. यात मजकूर, चित्रे, मांडणी हे सारे एकाच फाइलमध्ये बांधले जाते. या फाइलच्या नावाच्या शेवटी एमएचटीएमएल ही अक्षरे असतात. ही पद्धत काही नवी नाही, तिचे प्रमाण १९९९ सालीच ठरले आहे. पेन ड्राइव्हवर नेण्यासाठी आणि दुसऱ्यास देण्यासाठी ती सोयीची. मात्र अशी फाइल क्रोममध्ये किंवा एजमध्ये उघडावी, फायरफॉक्स ती स्वतःहून उघडत नाही. शिवाय अशा पानातील बटणे, चाचण्या, सरकणारी चित्रे चालत नाहीत, वाचण्याचा भाग तेवढा राहतो. पानावरील व्हिडिओ साठवला जाईल, ही आशा तर कोणत्याही प्रकारात ठेवू नये.

बहुतेकांजवळ संगणक नाही, हे मला ठाऊक आहे. अँड्रॉइड मोबाइलवरील क्रोममध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन टिंबे असतात. ती दाबली की खाली जाणाऱ्या बाणाची खूण दिसते. तो बाण दाबला की पान साठवले जाते, आणि पुढे त्याच यादीतील ‘डाउनलोड्स’मध्ये ते सापडते. आणखी एक खात्रीचा मार्ग म्हणजे ‘प्रिंट’चा पर्याय घेऊन कागदाऐवजी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडणे. पीडीएफमध्ये पानाची मांडणी थोडी बदलते, परंतु ती जवळजवळ कोणत्याही मोबाइलवर उघडते आणि पुढे छापताही येते. ज्या वस्तू मुळातच पीडीएफ स्वरूपात मिळतात, त्यांच्यासाठी पान साठवत बसू नये, ती फाइलच उतरवून घ्यावी. बालभारतीची पाठ्यपुस्तके अशी विनामूल्य मिळतात.

साठवण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी कराव्यात. एक, पान शेवटपर्यंत सावकाश खाली सरकवावे. हल्ली बरीच चित्रे आपण त्यांच्यापर्यंत पोहोचल्याशिवाय येतच नाहीत, आणि जे आलेच नाही ते साठवले कसे जाणार? दोन, ‘पुढे वाचा’ असे बटण असेल तर ते आधी दाबून सारा मजकूर उघडा करून घ्यावा.

परंतु हे सारे विसरलात तरी चालेल, एक गोष्ट मात्र विसरू नका. पान साठवल्यावर मोबाइलचे विमानाच्या खुणेचे बटण दाबा, म्हणजे नेट पूर्ण बंद होईल. वायफायही बंद आहे ना, ते पाहा. मग ब्राउझर बंद करून, साठवलेले पान नव्याने उघडा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. नकाशा दिसला, आकृती दिसली, मजकूर पूर्ण दिसला, तरच ते पान आपले झाले असे समजा. संगणकावर पानाच्या वरच्या पत्त्याकडेही नजर टाका. तो ‘फाइल’ या शब्दाने सुरू होत असेल, तर आपण आपल्या संगणकातील प्रत पाहत आहोत. परंतु केवळ पत्ता पाहून समाधान मानू नका, कारण पत्ता घरचा असला तरी चित्रे उधारीवर येऊ शकतात. नेट बंद करून पाहणे, हीच खरी परीक्षा.

वादळानंतर जुलै महिन्यात रेंज परत आली, तेव्हा मी ती सारी पाने नव्याने साठवली. या वेळी प्रत्येक पान नेट बंद करून तपासले. तीसपैकी अकरा पाने तेव्हाही नीट उतरली नाहीत, त्यांची पीडीएफ केली, आणि दोन नकाशे तर हाताने कागदावर काढून त्यांचे फोटो पाठवले. त्या मुलीला पाने दिली तेव्हा तिने माझ्यासमोरच विमानाची खूण दाबली आणि मग फाइल उघडली. मी हसलो, तीही हसली. परंतु माझे शब्द तपासून घेण्याची वेळ तिच्यावर मीच आणली होती, हे मी जाणून होतो.

कुणी म्हणेल, वादळ काय रोज येते? रोज येत नाही, परंतु २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, तेव्हा पुन्हा हेच दिवस पाहावे लागले. आणि वादळ-पूर नसले तरी महिन्याचा रिचार्ज संपतो, वडिलांचा मोबाइल त्यांच्याबरोबर जातो, परीक्षेच्या आदल्या रात्री नेमकी रेंज जाते. श्रीमंताच्या घरी हे प्रश्न उद्भवत नाहीत. आपल्या घरी उद्भवतात, म्हणून ही विद्या आपल्याला अधिक उपयोगाची.

शिवाय मूळ पान इंटरनेटवर कायम राहील, याचीही शाश्वती नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर सापडत नव्हती. सॅन फ्रान्सिस्को येथे १९९६ साली स्थापन झालेली इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था जगातील पानांच्या प्रती जतन करते आणि हरवलेले पान कधी कधी तेथे मिळते. पण ते पाहावयासही नेट लागतेच.

आता नाण्याची दुसरी बाजू. साठवलेले पान हे त्या क्षणाचे पान असते. ते जेथल्या तेथे थांबते आणि जग पुढे जाते. आमच्या ओळखीचे एक पालक, मोलमजुरी करून मुलाला शिकवणारे. त्यांच्या मुलाने एका शिष्यवृत्तीच्या माहितीचे पान साठवून ठेवले होते. त्यातील अखेरची तारीख पाहून ते निश्चिंत राहिले. कागदपत्रे गोळा करून अर्ज भरावयास गेले, तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते. साठवलेले पान आदल्या वर्षीचे होते! पान नीट उघडत होते, अक्षर न् अक्षर दिसत होते, परंतु ते शिळे होते. तो मुलगा त्या वर्षी शिष्यवृत्तीला मुकला आणि बापाला फीसाठी उसनवार करावी लागली.

म्हणून पानांचे दोन प्रकार मनात धरावेत. ॲमेझॉन नदीचा प्रवाह, समीकरणे सोडवण्याची रीत, व्याकरणाचा नियम ही टिकाऊ पाने, ती खुशाल साठवावीत. अर्जाच्या तारखा, फी, परीक्षेचे वेळापत्रक, निकाल, सरकारी योजनांच्या अटी ही नाशवंत पाने. ती साठवली तरी कामास लागण्यापूर्वी नेटवर जाऊन ताजी पाहिलीच पाहिजेत. आणि दोन्ही प्रकारांना माझ्या आजोबांची रीत लावावी. फाइलला नाव देताना विषय, पान कोठून घेतले आणि कोणत्या तारखेस घेतले, हे लिहावे. ‘डाउनलोड एक’, ‘डाउनलोड दोन’ अशा नावांच्या शंभर फाइलींतून परीक्षेच्या रात्री ब्राझील शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे आहे.

थोडी सावधगिरीही सांगतो. सायबर कॅफेच्या संगणकावर आपली गुणपत्रिका, आधारचे तपशील किंवा बँकेचे पान साठवून तसेच सोडून येऊ नये. आपण उठलो की तेथे दुसरा बसतो. तसेच अनोळखी माणसाने पाठवलेली पानाची फाइल उघडली आणि ती पासवर्ड अगर ओटीपी मागू लागली, तर तेथेच थांबावे. वाचण्याच्या पानाला पासवर्ड कशाला हवा? आणि दुसऱ्याने कष्टाने लिहिलेले पान आपल्या अभ्यासासाठी जरूर जपावे, परंतु त्याचे नाव पुसून ते आपले म्हणून प्रकल्पात चिकटवू नये. तपासणारा शिक्षकही तेच पान साठवून बसलेला असतो, हे ध्यानात असू द्यावे.

पालकहो, आता आपणांस एक विनंती. आपल्यापैकी काहीजण म्हणतील, “सर, हे आमच्या डोक्यावरून गेले. आम्हाला मोबाइलचे काय कळते?” मी म्हणेन, आपणांस जे करावयाचे आहे त्यासाठी मोबाइल कळण्याची गरज नाही. आठवड्यातून एका संध्याकाळी, जेवणे आटोपल्यावर, मुलाला वा मुलीला जवळ बसवा आणि म्हणा, “बाळा, नेट बंद कर आणि या आठवड्यात काय जपून ठेवलेस ते मला दाखव.” एवढेच. पान उघडले तर त्यातले दोन शब्द वाचून दाखवावयास सांगा. उघडले नाही, तर रागावू नका, ते पुन्हा साठवावयास सांगा. मुलगा मोबाइलवर अभ्यास करतो की आणखी काही, हा जो प्रश्न आपणांस रात्रंदिवस सतावतो, त्याचेही उत्तर बऱ्याच अंशी त्या दहा मिनिटांत मिळून जाईल. परदेशी नोकरीस असलेल्या वडिलांनी मुलासाठी मोबाइल जरूर पाठवावा, परंतु फोनवर बोलताना हा एक प्रश्नही विचारावा.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही एक सूचना करतो, लहान तोंडी मोठा घास वाटल्यास क्षमा असावी. किविक्स नावाचा एक विनामूल्य प्रोग्राम आहे. २००७ सालापासून त्याचे काम चालू आहे. संपूर्ण विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून, नेटशिवाय वाचण्याची सोय तो करतो. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला, आणि त्याचीही अशी फाइल मिळते. शाळेच्या वाचनालयात एखादा जुना संगणक अशा रीतीने तयार करून ठेवला, तर ज्या मुलाच्या घरी मोबाइल नाही, त्यालाही मधल्या सुट्टीत जगाची माहिती उघडून बसता येईल. यास खर्च फारसा नाही. एक शिक्षक आणि चार उत्साही विद्यार्थी यांचा वेळ लागेल. त्या शिक्षकाचे काम करावयास मी तयार आहे, चार विद्यार्थी समोर बसलेलेच आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुम्हाला एवढेच सांगावयाचे आहे. मी तुमच्या मोबाइलमधील पानांविषयी बोललो, परंतु हा नियम मोबाइलपुरता नाही. पुस्तक विकत घेऊन फडताळात ठेवले, धड्याखाली रेघा मारल्या, मित्राच्या वहीचे फोटो काढून ठेवले, आणि आपला अभ्यास झाला असे वाटले, तर तीही साठवलेली पण न उघडलेली पानेच. परीक्षेच्या खोलीत सर्व प्रकारचे नेट बंद असते. तेथे फक्त तेच पान उघडते, जे तुम्ही आधी, कुणाच्याही मदतीशिवाय, उघडून पाहिलेले असते.

ती मुलगी पुढे दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. त्याचे श्रेय तिचे, तिच्या घरच्यांचे आणि रिक्षाची बॅटरी देणाऱ्या त्या शेजाऱ्याचे. माझ्या वाट्याला आला तो एक धडा. आजही वर्गासाठी एखादे पान साठवले की, ते पुढे पाठवण्याआधी माझे बोट आपोआप विमानाच्या खुणेकडे जाते.

 

जय हिंद! जय महाराष्ट्र!